पहिल्या खोलीचा इतिहास

दर वर्षी जुलै संपत आला की आपल्या मंडळातल्या कुणा ना कुणाच्या घरी भारतातून फोन येतो. ‘आमच्या मेहुण्यांचा मुलगा तुमच्या गावच्या युनिव्हर्सिटीत येतोय. मुलगा गुणी आहे, कुणाला त्रास देणार नाही. फक्त पहिले चार दिवस कुठे सोय झाली तर बरं होईल.’ प्रवेश मिळालेला असतो, व्हिसाचा शिक्का पडलेला असतो, बँकेचे कर्ज मंजूर झालेले असते, विमानाचे तिकीट हातात असते. राहिलेले असते एवढेच, की पहिल्या रात्री पाठ टेकायची कुठे?

आपल्यापैकी पुष्कळजण याच वाटेने आले. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जी पिढी इथे शिकायला आली, तिच्या खिशात सरकारी नियमाप्रमाणे मिळालेले आठ डॉलर, बॅगेत प्रेशर कुकर आणि कागदावर लिहिलेला एखादा पत्ता असायचा. तो पत्ता बहुधा कुणाच्या तरी ओळखीच्याच्या ओळखीचा. त्या पत्त्यावरचे दार उघडले की निम्मी अमेरिका जिंकल्यासारखे वाटे.

आपल्याकडे परदेशी शिकून आलेल्या थोरामोठ्यांची चरित्रे भरपूर आहेत. पदव्या, बक्षिसे आणि सत्कार यांची नोंद त्यांत बारकाईने केलेली असते. पण ही माणसे तिथे राहिली कुठे, जेवली काय, थंडीत अंगावर काय घेतले, पैसे संपले तेव्हा कुणापुढे हात पसरला, हा मजकूर दोन-चार ओळींत उरकलेला असतो. त्या दोन-चार ओळींकडेच या लेखात जरा निरखून पाहू. त्या एकत्र ठेवल्या म्हणजे ध्यानात येते, की विद्यापीठाने प्रवेश दिला एवढ्यानेच कुणी तिथे रुजले असे फारसे झाले नाही. कुणीतरी घराचे दार उघडले, कुणीतरी खोलीत भागीदार झाले, तेव्हा पाऊल स्थिरावले. आणि दार उघडणाऱ्याने आधी काय विचारले, याला त्या माणसांच्या आयुष्यात फार मोठे महत्त्व होते.

रोझेलचे घर, फिलाडेल्फियाची खोली

सुरुवात अर्थातच आनंदीबाई जोशी यांच्यापासून करायला हवी. पोस्ट खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांनी आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकता यावे म्हणून रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते पत्र आणि आपले उत्तर १८८० साली प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या मासिकात छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की ख्रिस्ती धर्म स्वीकारलात तर पाहू. म्हणजे या दारावर पहिला प्रश्न धर्माचा होता.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट पाहताना ते मासिक चाळले आणि हा मजकूर वाचला. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले. कार्पेंटरबाईंना धर्मांतराची अट घालायची नव्हती. दोघींचा पत्रव्यवहार पुढे चांगला वाढला आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अजून भेट झालेली नाही, समुद्र ओलांडलेला नाही, आणि नाते मात्र जोडून झालेले. हे अगदी आपल्या पद्धतीचे झाले.

परदेशी जाण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या (हे बंगालमधले श्रीरामपूर) कॉलेजच्या सभागृहात भाषण केले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी तिथे जाहीर सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. वय अठरा वर्षे. मावशी उतरवून घ्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा रोझेलच्या घरात गेला. त्या चार महिन्यांत त्यांना इथल्या भाषेचा, हवेचा आणि रीतीभातींचा सराव झाला, तोही परीक्षेच्या धाकाशिवाय. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचे ओरिएंटेशन एका कुटुंबाने केले.

ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांची आस्थेने काळजी घेतली. पण राहण्याची खोली मात्र वाईट निघाली. शेकोटी पेटवली तर धूर कोंडायचा, न पेटवावी तर थंडी हाडांत शिरायची. आहार शाकाहारी, तो स्वतःच रांधायचा, तोही दिवसभर तास आणि शवविच्छेदन करून आल्यावर. नऊवारी नेसून पेनसिल्व्हेनियाचा हिवाळा काढणे अशक्य, म्हणून पाय नीट झाकले जावेत यासाठी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. काय बदलायचे आणि काय नाही, याचा निर्णय त्यांनी असा एकेका बाबतीत, स्वतः विचार करून घेतला होता.

१८८५ च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही हजारो मैलांवरून आलेल्या, तिघींचे जेवण वेगळे, धर्म वेगळे. घरची आठवण आल्यावर कसे वाटते हे मात्र तिघींना सारखेच ठाऊक असणार. परदेशी विद्यार्थ्यांची एकमेकांना असलेली सोबत, जी आपण पुढे डॉर्मच्या सामाईक स्वयंपाकघरात अनुभवली, तिचे हे फार जुने चित्र म्हणायला हरकत नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच त्या परतल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दुखण्याचा सगळा दोष त्या एका खोलीला देता येणार नाही, प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. तरी ऊब आणि पोटभर अन्न या गोष्टी अभ्यासाइतक्याच जिवावरच्या असतात, हे या चरित्रातून शिकण्यासारखे आहे. त्यांची रक्षा पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवण्यात आली. ज्यांनी पहिल्यांदा घर दिले, त्यांनीच शेवटचीही जागा दिली.

पैसा आणि त्याच्या अटी

आनंदीबाईंनंतर लवकरच आणखी एक मराठी स्त्री वैद्यकीच्या शिक्षणासाठी समुद्रापार गेली. रखमाबाईंनी लहानपणी लादलेले लग्न नाकारले म्हणून १८८४ पासून १८८८ पर्यंत त्यांच्यावर खटला चालला आणि सगळा देश त्यावर बोलत होता. १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला. लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारे वॉल्टर आणि इव्हा मॅक्लारेन हे पतिपत्नी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९४ साली शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. ज्या बाईच्या नावाने वर्तमानपत्रे रकाने भरत होती, तिला एका कुटुंबाचा आधार मिळाला म्हणजे काय मिळाले, याची कल्पना आपण करू शकतो.

पण सगळ्यांच्या नशिबी मावशी किंवा मॅक्लारेन नसतात. त्यांच्यासाठी पैशाची व्यवस्था लागते, आणि पैसा क्वचितच बिनशर्त येतो. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तो मुद्दाम कर्जाच्या रूपाने. घेणाऱ्याला मिंधेपणा वाटू नये आणि फेडलेल्या पैशातून पुढच्याची सोय व्हावी, असा त्यात दुहेरी विचार होता. या निधीच्या पहिल्या दोन मानकऱ्यांपैकी एक होत्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर, दुसऱ्या फ्रेनी कामा. दोघीही डॉक्टर.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला गेले ते युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर. प्रवासखर्चाला सयाजीराव गायकवाडांचा हात लागला. तिथून १९०३ साली ते परत आले आणि १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. धर्माचा अभ्यास करायला गेलेला माणूस परत येऊन अस्पृश्यांच्या वस्तीत शाळा काढू लागला. देणाऱ्यांनी पैसा ज्या कामासाठी दिला, त्याहून मोठे काम त्यातून निघाले.

उलट अनुभव पांडुरंग महादेव बापट यांचा. आपण त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतो. १९०४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मंगलदास नथूभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथल्या एका सभेत त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविषयी आपले मत स्पष्टपणे मांडले. शिष्यवृत्ती बंद झाली. परक्या गावात, थंडीच्या मुलखात दरमहाचा पैसा एकाएकी थांबणे म्हणजे काय, हे ज्यांची असिस्टंटशिप कधी मध्येच बंद पडली असेल त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि तिसरा मार्ग पांडुरंग खानखोजे यांचा. वर्ध्याकडचा हा तरुण जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत त्याने मोलमजुरी करत शिक्षण केले. शेतीशास्त्र वर्गात शिकायचे आणि शेतात घाम गाळायचा. पोर्टलंडच्या बाजूला लाकडाच्या गिरण्यांत खपणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्याची जी जवळीक झाली, ती वसतिगृहात राहून झाली नसती. गदर चळवळीत तो याच वाटेने पोचला. पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनात त्याने नाव मिळवले आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्याला भित्तिचित्रात स्थान दिले.

या सगळ्यांच्या मागे एक गोष्ट होती जी आपण विसरतो. ही मंडळी राहायला आलेली नव्हती, त्यांना राहू देणारच नव्हते. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले. विद्यार्थ्यांना त्यातून सूट होती, पण ती शिकून परत जाण्यापुरती. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला इथले नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. म्हणून त्या काळच्या विद्यार्थ्याची खोली ही नेहमीच तात्पुरती खोली होती. तो इथे काय होतो यापेक्षा इथून काय घेऊन जातो, हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

एकशे चौदावा रस्ता ते कामाठी बाग

या प्रश्नाचे सगळ्यात धारदार रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत दिसते.

बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट अशी, की शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथे आठवडाभरच टिकले. जेवण अर्धेकच्चे, त्यात गोमांस. तिथून ते पश्चिम एकशे चौदाव्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, कारण तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. शेवटी ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तिथे खोलीतले जोडीदार होते नवल भथेना नावाचे पारशी गृहस्थ. हे स्नेहसंबंध जन्मभर टिकले.

तीन जागा बदलल्यावर घडी बसली, हे वाचून आपल्याला बरे वाटते. पहिल्या सत्रात दोन-तीन अपार्टमेंट बदलणाऱ्या आजच्या मुलालाही वाटायला हरकत नाही. चरित्रकार असेही सांगतात, की सुरुवातीचे काही महिने ते मित्रांबरोबर हिंडण्याफिरण्यात, खेळण्यात रमले होते. मग आपण कशासाठी आलो आहोत याचा विचार मनात आला आणि पुढे ग्रंथालयाचे दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथेच मुक्काम पडू लागला. साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते. जेवणात काटकसर करून जुनी पुस्तके मात्र शेकड्यांनी घेतली गेली.

या काळात त्यांच्या आयुष्यात जे प्रथमच घडत होते, ते साधे होते. ते पंगतीत बसत, खोलीत राहत, वर्गात प्रश्न विचारत, आणि कुणी त्यांची जात विचारत नव्हते. न्यूयॉर्क शहर त्या वेळी सगळ्यांशीच समतेने वागत होते असे मुळीच नाही. हार्लेमची काळी वस्ती विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि तिथल्या माणसांना तो अनुभव रोज वेगळाच येत होता. पण आंबेडकरांच्या वाट्याला आलेला कोलंबियाचा कोपरा त्यांच्यासाठी मोकळा होता. परदेशातल्या वास्तव्याने, आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

आणि मोकळी जागा मिळाली की माणूस घराकडे नीट पाहू शकतो. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्या विद्वानांची मते तपासली, त्यांत एक मराठी नाव आहे: श्रीधर व्यंकटेश केतकर. आपले ज्ञानकोशकार केतकर १९०६ साली इथॅकाच्या कॉर्नेल विद्यापीठात आले होते आणि त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा ग्रंथ १९०९ साली इथॅकातच प्रसिद्ध झाला होता. एकाच न्यूयॉर्क राज्यात, काही वर्षांच्या अंतराने, दोन मराठी विद्यार्थी जातीचा अभ्यास करत होते: एक चित्पावन ब्राह्मण, दुसरा महार. दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे आदराने घेतले आणि जिथे पटले नाही तिथे खोडूनही काढले. असा संवाद त्या दिवसांत पुण्यात किंवा साताऱ्यात एका पातळीवर बसून होऊ शकला असता का, याचे उत्तर आपण जाणतो.

बडोद्याची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. जहाजाने वेगळे पाठवलेले सामान, त्यातली पुस्तके, युद्धात पाणबुडीच्या हल्ल्याने समुद्रात बुडाली. कराराप्रमाणे ते सप्टेंबरात बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. आणि तिथे त्यांना खोली मिळेना.

कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला हिंदू हॉटेलात प्रवेश नव्हता. नाव बदलून पारशी म्हणून एका पारशी धर्मशाळेत राहायची वेळ आली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा घोळका दारात आला. सामान काढा, म्हणाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मिळतो का ते पाहिले, पण दोघांनीही असमर्थता दाखवली. मग कामाठी बागेत बसून काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत आटोपला.

न्यूयॉर्कला तिसऱ्या प्रयत्नात का होईना, खोली मिळाली. बडोद्यात मिळाली नाही. तिथे दाराशी पहिला प्रश्न जातीचा होता. आणि गंमत पाहा. ज्या समाजातल्या काही लोकांनी बडोद्यात काठ्या उगारल्या, त्याच समाजातल्या नवल भथेनांनी १९२० साली बाबासाहेबांना पाच हजार रुपये उसने दिले, म्हणून ते लंडनचा अभ्यास पुरा करायला पुन्हा जाऊ शकले. शाहू महाराजांनीही मदत केली. लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या एका खोलीत झालेली मैत्री अशी सात वर्षांनी उपयोगी पडली. समाज काठ्या उगारतो आणि त्याच समाजातला एखादा माणूस दार उघडतो, हे दोन्ही खरे असते.

लंडनचे दिवस कडक उपासाचे गेले. सकाळी घरमालकीणबाई देतील तो पावाचा तुकडा, मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बैठक, आणि मध्यरात्री भूक असह्य झाली की कुणा परिचिताने दिलेल्या पापडांतले चार भाजून, बोव्हरिलच्या कपाबरोबर खायचे. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ त्या पापडांवर उभा आहे, असे म्हटले तर ती नुसती अतिशयोक्ती ठरू नये. किंग हेन्रीज रोडवरचे ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. आता तिथे स्मारक आहे.

प्रोफेसरांशी मतभेद

रुळणे म्हणजे इथल्यांसारखे होणे, असा एक समज आपल्या मुलांच्या मनात असतो. कधीकधी आपल्याही असतो. त्यावर उतारा म्हणून इरावती कर्वे यांचे उदाहरण सांगतो. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू, पण सुनेने इतक्या दूर जाण्याला त्यांची पसंती नव्हती. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते मात्र ठाम राहिले. पैसा जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतला.

बर्लिनच्या संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसांच्या कवटीची ठेवण इतरांपेक्षा निराळी असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा सापडतो, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि असे काही दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला. परका देश, नवी भाषा, उसने पैसे आणि डोक्यावर नामवंत प्रोफेसर. तरी जे मोजले तेच लिहिले. पदवी मिळाली, आणि १९३० साली त्या परतल्या. फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. परक्या विद्यापीठात पाय रोवून उभे राहणे यालाच म्हणायचे. तिथली शिस्त आत्मसात करायची, आणि त्याच शिस्तीच्या बळावर तिथल्या मोठ्या माणसाला ‘हे बरोबर नाही’ म्हणायचे.

आता आपले दार

या साऱ्या माणसांच्या वेळी आपल्यासारखी मंडळे नव्हती. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली निघाले. अमेरिकेत गावोगावची मंडळे १९६५ नंतरच्या पिढीने उभी केली आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. आज गणपती, दिवाळी, संक्रांत, नाटक, मराठी शाळा सगळे आहे. पण या इतिहासाकडे पाहिले की वाटते, मंडळाचे सगळ्यात जुने आणि मूळ काम एवढेच आहे: नव्याने आलेल्याला पहिली रात्र काढायला जागा आणि दोन घास गरम जेवण.

आजच्या विद्यार्थ्याला आनंदीबाईंसारखे दोन महिने समुद्रावर काढायचे नसतात. रोज आईचा चेहरा फोनवर दिसतो, इंडियन ग्रोसरीत थालीपीठाची भाजणी मिळते. पण वडिलांनी घर तारण ठेवून काढलेले कर्ज त्याच्या उशाशी असते, विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कँपसवर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि फेब्रुवारीतल्या काळोख्या संध्याकाळी खोलीत एकटे बसले की फोनवरचा आईचा चेहरा पुरत नाही. त्याला जवळपास एखादे घर लागते.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण दार उघडतो, मुलाला आत घेतो, चहा देतो, आणि मग सहज म्हणून विचारतो, ‘आडनाव काय म्हणालात?’ ‘मूळ गाव कोणतं?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फक्त ओळख काढण्याची हौस असते, हे मान्य. कुणी आत्याच्या सासरकडचा निघाला तर आपल्याला आनंद होतो. पण समोर बसलेल्या मुलाच्या घरी तीन पिढ्या या प्रश्नाचे उत्तर देताना जीभ अडखळत आली असेल, तर त्याला तो प्रश्न आत्याचा वाटत नाही, बडोद्याचा वाटतो. तो पुढच्या वेळी येत नाही. आपण म्हणतो, आजकालची मुले मंडळात येत नाहीत.

ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख घातला. त्यावरून आपल्या लोकांत मतभेद झाले. काहींना ते आवश्यक वाटले, काहींना त्यामुळे सगळ्याच हिंदी विद्यार्थ्यांकडे संशयाने पाहिले जाईल अशी भीती वाटली. हा वाद आपापल्या जागी चालू द्या. पण आपल्या स्वतःच्या घराचा उंबरठा कोणत्या विद्यापीठाच्या नियमाने चालत नाही. तिथला नियम आपणच करायचा असतो.

कार्पेंटरबाई फार श्रीमंत नव्हत्या, विदुषी नव्हत्या, भारताविषयी त्यांना फारसे ठाऊकही नव्हते. त्यांनी एका अनोळखी मुलीला पत्र लिहिले, बंदरावर जाऊन तिला उतरवून घेतले आणि उन्हाळाभर घरी ठेवले. तिचा धर्म कोणता, हे त्यांना माहीत होते. त्यावरून आत घ्यायचे की नाही, हे त्यांनी ठरवले नाही.

आपल्या मंडळाने येत्या ऑगस्टपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या आठवड्याच्या मुक्कामाची यादी करावी, असे सुचवतो. यादीत आपल्या घराचे नाव घालणाऱ्याने तीनच गोष्टी कबूल कराव्यात: विमानतळावरून आणणे, एक उबदार खोली, आणि रात्रीचे जेवण. बाहेरची थंडी कशी असते, बँकेत खाते कसे उघडायचे, बस कुठे थांबते, या प्रश्नांची उत्तरे तोच विचारेल. आपण त्याला फक्त एक प्रश्न विचारावा, आणि तोही जेवण वाढताना: भात अजून घेणार का?